तळ्यावरचे हिवाळी पाहुणे



रब्बीच्या दिवसांत आपण तळ्याकडे पाहतो ते पाणी किती उरले आणि अजून किती पाळ्या मिळतील, एवढ्यासाठीच. या वेळी पाण्यावर कोण बसले आहे तेही पाहावे, असे सुचवतो. त्याचा पिकाशीही संबंध आहे.

दिवाळी सरली की पाझर तलावापासून मोठ्या धरणापर्यंत दूरदेशीची पाखरे उतरू लागतात. मध्य आशिया, सैबेरिया, तिबेट, लडाख ही त्यांची घरे. तिकडे तळी गोठतात, चारा बर्फाखाली जातो, म्हणून ती इकडे येतात. बहुतेक जण इथे घरटी करीत नाहीत. चार महिने पोट भरायचे, परतीच्या वाटेसाठी अंगावर चरबी धरायची आणि होळीच्या सुमारास निघायचे, असा त्यांचा क्रम असतो.

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ जुना बंधारा आहे. वर्षानुवर्षे गाळ साचून तिथे उथळ पाणी, पाणवनस्पती आणि लहान लहान बेटे तयार झाली. साठवणीच्या दृष्टीने हा तोटाच. पण पाखरांना नेमके तेच हवे असते. या पाणथळ जागेला रामसर दर्जा मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. तिच्या काठाला ऊस, गहू, कांदा आणि द्राक्षे आहेत. म्हणजे पाखरे आणि शेतकरी यांचा शेजार तिथे रोजचाच.

आता ओळख करून घेऊ. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याला लावून गाळ चाळत जातो, तो थापट्या. लांब टोकदार शेपटीचे ते तलवार बदक. भगव्या-तांबूस रंगाची जोडी दिसली तर चक्रवाक समजावेत. राखी अंग, पांढरे डोके आणि त्यावर मागे दोन काळे पट्टे, तो पट्टकदंब. हा हिमालय ओलांडून येतो.

यांतला पिकात कोण येतो? पट्टकदंब येतो, विशेषतः रात्री व पहाटे. काठाजवळचा कोवळा हरभरा आणि गहू तो खुडतो, हे नाकारून चालणार नाही. पण थापट्याचे सारे पोट पाण्यातल्या बारीक जिवांवर आणि वनस्पतींवर भरते, आणि वारकऱ्याचाही मुख्य चारा पाण्यातच. ओलीत चालू असताना वाफ्यातून शेपटी हलवत फिरणारा धोबी किडेच टिपतो. पिकावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या उंदीर आणि नाकतोडे धरतो. हेही हिवाळी पाहुणेच. ओळख नसली की एकाच्या खोडीपायी सगळ्यांवर राग निघतो, आणि आपल्या कामाचे गडीही त्यात जातात.

राग निघतो तो विषात भिजवलेल्या दाण्यांनी. हे कधीही करू नये. तो दाणा गावची कोंबडी खाते, मेलेले पाखरू कुत्रा खातो, आणि विष पाण्यात उतरले तर तेच पाणी आपली जनावरे पितात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जाळे, फासा आणि विष ही सारी शिकारच आहे. काठाच्या पट्ट्यात पहाटे राखण करावी, चकाकणारी फीत बांधावी, डबा वाजवावा. रोप कोवळे आहे तोवरच जास्त जपावे लागते. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत. एकाच वेळी बरीच पाखरे मेलेली दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा वनरक्षकाला कळवावे. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आला होता, हे कोंबडीपालकांनी विसरू नये.

तळ्यावर जायचे ते सूर्योदयाला. सूर्य पाठीशी ठेवावा, भडक कपडे घालू नयेत, कुत्रे घरी ठेवावे. झुडपाच्या आडोशाला अर्धा तास गप्प बसावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. मुलांना खडा मारून थवा उडवण्याची हौस असते. त्यांना सांगावे, की प्रत्येक उड्डाणात त्या पाखराच्या परतीच्या शिदोरीतला एक घास खर्च होतो.

घरात एक वही करावी. तारीख, पाण्याची पातळी, दिसलेली पाखरे आणि गावात त्यांना असलेले नाव लिहावे. आजी-आजोबांना विचारले तर अशी नावे अजून मिळतील. दोन-चार हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या की पाखरे कधी येतात, कमी झाली की वाढली, हे घरच्या वहीवरूनच कळेल. पाखरे एकाएकी कमी झाली, तर तळ्यात काय बिघडले याची चौकशी गावाने करावी. गुरे त्याच पाण्यावर आहेत.