‘भाकरी सोडा’ म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

आमच्या गडमुडशिंगीतील एक साधी गोष्ट प्रथम सांगतो. माझ्या गल्लीत राहणाऱ्या आणि रोजंदारीने भांगलणीस जाणाऱ्या एका बाईंना काही वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या मुलाने शहरातून भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत पाठविली. तीत कोणी एक आहारतज्ज्ञ मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता की, भाकरी, पोळी आणि भात हेच विष आहे. ते सोडा, वजन उतरेल आणि साखरही उतरेल. बाईंनी ते ऐकले. गोळ्या चालू ठेवल्या आणि भाकरी बंद केली. पाचव्या दिवशी उसाच्या सरीतच त्यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या बायकांनी तोंडात गुळाचा खडा घातला म्हणून निभावले. मी विचारपूस करण्यास गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “सर, भाकरी सोड म्हनून समद्यांनी सांगितलं. तिच्या जागी काय खायाचं, ते न्हाई सांगितलं कुणी.”

अर्थशास्त्राच्या वर्गात मी जी तीस-बत्तीस वर्षे घालविली, त्यांत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. पिष्टमय पदार्थ कमी करून वजन उतरविणे आरोग्यास हितकारक आहे काय, या प्रश्नावर आज घरोघरी वाद चालतो. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न अर्धाच विचारला जातो. ताटातून काय काढावयाचे हे सांगणे सोपे आहे. त्या जागी काय ठेवावयाचे आणि ते कोणाच्या पैशाने, हा उरलेला अर्धा प्रश्न विचारल्यावाचून पहिल्याचे उत्तर मिळत नाही.

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. हा आहार नवा नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग याने १८६३ साली ब्रेड, साखर, बटाटे सोडून आपला लठ्ठपणा कसा घटला याची पुस्तिका काढली होती. अमेरिकेत १९७२ साली डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी त्याच विचाराला नवे रूप दिले आणि पुढे त्यावर मोठी बाजारपेठ उभी राहिली. आज ‘कीटो’ या नावाने जे विकले जाते ते याच घराण्यातील अधिक कडक अपत्य होय. त्यात दिवसाला साधारण ५० ग्रॅमपेक्षाही कमी कर्बोदके घ्यावयाची असतात. महाराष्ट्रात दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दोन वेळांच्या जेवणाची पद्धती मात्र वेगळी आहे. तिचा भर खाण्याच्या वेळांवर आहे, भाकरी वर्ज्य करण्यावर नाही. पण लोकांच्या तोंडी या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि त्या सरमिसळीत भाकरी हकनाक आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आहे.

या आहाराने वजन उतरते काय? उतरते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पहिल्या आठवड्यातील घट बरीचशी पाण्याची असते. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते आणि ती संपली की पाणीही निघून जाते. त्यापुढे खरी चरबीही कमी होते. परंतु २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांअखेर या आहाराची आघाडी दिसली आणि वर्षअखेर ती उरली नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ जणांची वर्षभर चाचणी घेतली. कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलोने, तर कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांचे ५.३ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. तात्पर्य, जादू कोणत्याच ताटात नाही. जो आहार माणूस टिकवू शकतो आणि ज्यात एकूण उष्मांक कमी होतात, तो आहार चालतो.

दीर्घकाळच्या आरोग्याचे काय? २०१८ सालीच प्रसिद्ध झालेल्या आणि पंधरा हजारांहून अधिक अमेरिकनांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या एका पाहणीत असे दिसले की, ज्यांच्या आहारातील निम्मी वा निम्म्याहून किंचित अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येत होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. फार कमी आणि फार जास्त, अशी दोन्ही टोके वाईट ठरली. आणि कर्बोदके कमी करून त्यांच्या जागी मांस व प्राणिज चरबी घेणाऱ्यांपेक्षा डाळी, शेंगदाणे, भाज्या घेणाऱ्यांची स्थिती चांगली होती. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही हे खरे. तरीही त्यांचा रोख आमच्या शेजारणीच्या प्रश्नाकडेच आहे: तिच्या जागी काय?

येथे आपल्या चळवळीतील मित्रांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. मधुमेह हा खात्यापित्या घरांचा रोग आहे, कष्टकऱ्याला त्याची बाधा नाही, अशी एक सोयीची समजूत आपणही बाळगली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतके श्रीमंत या देशात नाहीत! याच पाहणीच्या २०२५ साली आलेल्या पुढील भागात, भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे, असे दिसून आले. आणखी एक कटू सत्य त्यात आहे. पांढऱ्या भाताऐवजी गहू वा भरडधान्य घेतले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर धोका कमी झालेला आढळला नाही. धोका कमी दिसला तो कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यांतील वा दुधातील प्रथिनांनी घेतला तेथे. म्हणजे ‘भाकरी ती आपली, तिला कोणी बोट लावू नये’ ही भाबडी अस्मिताही उपयोगाची नाही. आपले ताट पिष्टाने जड आणि प्रथिनाने हलके आहे, हा आहारतज्ज्ञांचा आक्षेप खरा आहे. खोटा आहे तो त्यांचा उपाय.

तो खोटा कसा, हे साध्या अंकगणिताने दाखविता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या निकषांप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक लागतात, तर अतिकष्टाचे काम करणाऱ्याला ३,४७०. आता बीडकडून आमच्या भागात आलेल्या ऊसतोड कामगाराला ‘कीटो’चा सल्ला द्या. ५० ग्रॅम कर्बोदकांतून त्याला २०० उष्मांक मिळतील. प्रथिने भरपूर, म्हणजे १०० ग्रॅम धरली तरी आणखी ४०० मिळतील. उरलेले २,८७० उष्मांक स्निग्ध पदार्थांतून आणावयाचे, तर त्याला रोज सुमारे ३२० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेनऊ किलोंहून अधिक तेल, तूप वा लोणी खावे लागेल. कोयत्यामागे महिना काढणाऱ्या कुटुंबाला हा सल्ला देणाऱ्याने आपली फी तरी परत करावी!

शिवाय हा कडक आहार शाकाहारी माणसाला डाळही खाऊ देत नाही, हे कितीजणांना ठाऊक आहे? तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असली तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच असतो. ज्या अन्नातून आपल्याकडील गरिबाला थोडीबहुत प्रथिने मिळतात, तेच यादीतून बाद होते. उरते ते पनीर, बदाम, अक्रोड आणि ‘कीटो’चा शिक्का मारलेले पुड्यांतील पीठ. आणि आमच्या शेजारणीप्रमाणे जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून न घेता एकाएकी भाकरी-भात तोडला, तर काही औषधांनी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. चित्रफितीत ही सूचना नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपले ताट असे एकांगी झाले कसे? यात आम्हा अर्थशास्त्रज्ञांचाही दोष आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात दिवसाला २,२५० उष्मांक हा आधार होता. पुढे नियोजन मंडळाने खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक धरले. त्या काळी पोटभर अन्नच नव्हते, तेव्हा आधी उष्मांक मोजणे रास्त होते. पोट रिकामे असेल तर प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळते, हे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे प्रतिपादन आम्ही वर्गात शिकवीत असू आणि ते चूक नव्हते. चूक झाली ती पुढे. उष्मांक हा दारिद्र्य मोजण्याचा गज होता, तोच आम्ही अन्नधोरणाचे ध्येय होऊ दिले. आणि उष्मांक सर्वांत स्वस्त कशात, तर तांदूळ आणि गव्हात!

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थ्याला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क लढून मिळालेला आहे व त्याला धक्का लागता कामा नये. पण त्याचा हिशेब दिवसाला १६७ ग्रॅम धान्य, म्हणजे सुमारे ५७५ उष्मांक एवढाच आहे, आणि कायद्याने हमी दिलेल्या या धान्यात डाळ नाही. १९६१ साली देशात डाळींची दरडोई उपलब्धता दिवसाला ६९ ग्रॅम होती. २०१० पर्यंत ती जवळपास निम्म्यावर आली. नंतर थोडी सुधारणा झाली, तरी जुनी पातळी काही परत आली नाही. कारण शोधण्यास दूर जावयास नको. आमच्या करवीर तालुक्यातील कोणत्याही बांधावर उभे राहावे. जेथे पूर्वी ज्वारीच्या ओळींत तूर आणि उडीद असे, शेजारी भुईमूग असे, तेथे पाणी पोचताच ऊस आला. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. उसाला कारखाना आहे आणि कायद्याने ठरलेला दर आहे. तुरीचा हमीभाव कागदावर असतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची हमी कोणी देत नाही.

आमच्याच गावात ‘गोकुळ’ दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे. त्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिने किती टक्के आहेत हे छापलेले असते, आणि ते वाचूनच शेतकरी पोते उचलतो. नुसत्या कडब्यावर म्हैस दूध देणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. ही व्यवस्था चांगलीच आहे, ती सहकाराने उभी केली. परंतु म्हशीच्या खाद्यात प्रथिने किती याची काळजी वाहणाऱ्या समाजाने तिची धार काढणाऱ्या बाईच्या ताटात प्रथिने किती, हे कधी विचारले आहे काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढ स्त्रियांत सुमारे २१ जणींचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २३ जणींचे जास्त आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, ही दोन्ही दुखणी नांदतात. ‘कमी खा’ हा उपदेश यांतील कितीजणींना लागू पडतो?

आणि शासन काय करते? नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून, अंडे द्यावयाचे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या मुलाच्या ताटातून आज एक अंडे काढून घेतले, त्याला तीस वर्षांनी ‘तू भात फार खातोस’ असे सुनावण्याचा अधिकार या शासनास कोठून येणार?

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाने आपापल्या प्रकृतीची काळजी घ्यावी, त्यात राजकारण कशाला? ज्याचे काम बैठे आहे, पोट सुटले आहे आणि खिशात पैसा आहे, त्याने साखर, मैदा आणि भाताचा दुसरा वाढप जरूर सोडावा. मी स्वतः सोडला आहे आणि मला गुण आला आहे. पण मला तो आला, कारण दुपारच्या भाताच्या जागी वाटीभर उसळ, ताक आणि अंडे ठेवण्याइतके निवृत्तिवेतन मला मिळते. माझा संयम जितका खरा, तितकेच ते निवृत्तिवेतनही खरे. दुसऱ्याचा उल्लेख टाळून पहिल्याची प्रवचने देणे हा ढोंगीपणा होय.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. रेशनवर धान्याबरोबर माणशी डाळ कायद्याने मिळाली पाहिजे. ज्वारी आणि कडधान्यांची हमीभावाने खरेदी जिल्ह्याजिल्ह्यांत झाली पाहिजे आणि तीच धान्ये स्थानिक रेशन दुकानांत व शाळांत गेली पाहिजेत. मुलांचे अंडे शासनाने आपल्या निधीतून परत द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साखरेची तपासणी आणि औषधाबरोबर आहाराचा सल्ला, रुग्णाच्या कामाची आणि मजुरीची चौकशी करून, विनामूल्य मिळावा. आणि शेतमजुराचे किमान वेतन ठरविताना केवळ उष्मांकांचा नव्हे, तर डाळीचा, दुधाचा आणि भाजीचा खर्च हिशेबात धरावा.

आमच्या शेजारणीने पुन्हा भाकरी सुरू केली आहे, दोनाऐवजी एक. सोबत वाटीभर मटकी असावी असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ज्या आठवड्यात काम लागते त्या आठवड्यात मटकी असते. इतर आठवड्यांत भाकऱ्या पुन्हा दोन होतात.