गड कुठं पळून जातोय?

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले आणि ग्रुपवर प्लॅन पडला: नागपूर ते रामटेक पायी, जवळपास ५० किलोमीटर. ‘येतोस ना बे?’ मी ‘हो’ टाईप केलंसुद्धा. फिजिओ म्हणाले, सध्या फुटाळ्याच्या काठानं थोडं चाल, तेवढंच. लाज वाटली.

मग बाबा आमटे आठवले. मणक्याच्या आजारानं त्यांना धड बसताही येत नसे. तरी डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून निघाले. पोरंपोरी सायकलवर, बाबा गाडीत आडवे. शरीराला जमेल तशी यात्रा आखली. म्हणून ती छोटी झाली का?

आपण उलटं करतो. आधी तारीख ठरवतो, मग गुडघ्याला ओढत नेतो. दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट भरलं, असं नसतं. त्याला कित्येक महिने लागतात. तारीख फिजिओला ठरवू द्या ना!

यंदा मी मनसरला पाणी आणि संत्री घेऊन उभा राहणार. पायी पुढच्या वर्षी. रामटेकचा गड कुठं पळून जातोय?