उभ्यानें वल्हवणें

कुटुंबांतील सर्व माणसें एकाच दिवशीं एकाच विद्येचे विद्यार्थी होतात, असा प्रसंग विरळा. घरांत वडिलांनीं सांगावें व धाकट्यांनीं ऐकावें, हा क्रम आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. गेल्या डिसेंबरांत गोमंतकांत साळ नदीवर हा क्रम दोन तासांपुरता उलटा झालेला आम्हीं पाहिला. त्यांतून जो विचार सुचला तो प्रत्येक घराच्या हिताचा असल्यामुळें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रसंग होता फळीवर उभ्यानें वल्हवण्याचा. या खेळास ‘स्टँड-अप पॅडल बोर्डिंग’ असें नांव आहे. हवाई बेटांत वायकीकीच्या किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या मध्यास, लाटांवर स्वार होणें शिकविणारे कांहीं लोक लांब फळीवर उभे राहून वल्हें मारीत; उंचावरून शिकाऊ मंडळींवर नजर ठेवणें त्यांस सोपें जाई. पुढें २००० नंतरच्या वर्षांत लेअर्ड हॅमिल्टन प्रभृति लाटस्वारांनीं तो प्रकार पुन्हां प्रचारांत आणला. फळी सुमारें १० ते ११ फूट लांब व ३० ते ३४ इंच रुंद असते. वल्हें माणसाच्या उंचीपेक्षां वीतभर मोठें. उथळ खाडींत उभ्यानें होडी रेटणें आपल्या कोकणास नवें नाहीं. नवें एवढेंच, कीं येथें होडीस कांठ नाहींत.

साळ नदी किनाऱ्यास समांतर वाहत जाऊन बेतूलजवळ समुद्रास मिळते. भरतीचें पाणी तींत आंतपर्यंत शिरतें व कांठीं तिवरांची झाडी आहे. शिकविणारा तेथल्याच खारवी घरांतला तरुण होता. भरती पुरी होऊन पाणी थबकतें ती सकाळची वेळ त्यानें निवडली. दुपारीं समुद्रवारा सुटला म्हणजे नवशिक्यांचा निभाव लागत नाहीं. प्रथम गुडघ्यांवर बसावें, वल्हें आडवें ठेवावें, मग फळीच्या मध्यावर एकेक पाऊल टेकून उठावें, गुडघे सैल ठेवावे व दृष्टि पायांकडे न लावतां दूरच्या माडावर लावावी, इतकाच त्याचा पाठ. गुरुत्वमध्य जितका खालीं तितकी स्थिरता अधिक, हें शाळेंत आम्हीं फळ्यावर आकृति काढून वर्षानुवर्षें शिकविलें. तेथें तें पोटऱ्यांस कळलें.

आमचे चिरंजीव यंत्रविद्येचे पदवीधर. परंतु वल्ह्याचें पातें उलटें धरून ते बराच वेळ श्रम करीत राहिले. पात्याचा बांक पुढच्या बाजूस झुकलेला असावा, हें त्यांस बारा वर्षांच्या नातीनें सांगितलें. आमच्या सौभाग्यवतींनीं उभें राहण्याचा आग्रहच धरला नाहीं. त्या फळीवर मांडी घालून, एखाद्या यजमानीणबाईंसारख्या, शांतपणें दोन फेऱ्या करून आल्या.

सूनबाई मात्र उभ्या राहिल्या, दहा-बारा हात गेल्या आणि पाण्यांत पडल्या. अंगांत तरंगजाकीट होतें, घोट्यास बांधलेल्या दोरीनें फळीही जवळच राहिली. तरी त्यांस पोहतां येत नसल्यामुळें क्षणभर त्यांचा श्वास कोंडला व हात सैरावैरा हलूं लागले. शिकविणारा पोंचण्यापूर्वीं नात तेथें पोहत गेली आणि म्हणाली, “आई, पाठीवर पड, वर आकाशाकडे बघ.” त्या तशा पडल्या, श्वास परतला, आणि फळीच्या मध्याशीं बाजूनें वर चढून त्या पुन्हां उभ्या राहिल्या. पलीकडचा कांठ गांठूनच त्या परतल्या.

सायंकाळीं त्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, “आई, माझ्या माहेरीं भावांना पाठीला भोपळा बांधून विहिरींत सोडीत. आम्ही बहिणी वर कांठावर त्यांचे कपडे सांभाळीत बसायचों.” यावर सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, “आमच्याकडेही तेंच. आतां तूं शीक.” घरीं परतल्यावर त्याच आठवड्यांत सूनबाईंनीं तरणतलावांत नांव घातलें. चाळिशींत हें कशाला, असें विचारणारे आप्त भेटले. त्यांस उत्तर सौभाग्यवतींनींच दिलें, व तें येथें छापण्याजोगें नाहीं.

ज्या कुटुंबांस हा खेळ करून पाहावयाचा असेल त्यांनीं तरंगजाकीट अंगांतून काढूं नये. पडतांना फळीपासून दूर, आडवें पडावें; डोकें खालीं करून कधींही नव्हे. जमिनीकडून पाण्याकडे वारा वाहत असेल तर फळी सोडूं नये, कारण जाणें सोपें व परतणें कठीण होतें. वाहत्या प्रवाहांत घोट्याची दोरी फांदींत अडकून घात होऊं शकतो. तेथें कमरेची, एका झटक्यांत सुटणारी दोरीच हवी. पावसाळ्यांत तर या खेळाचें नांवही काढूं नये.

परंतु जाकीट म्हणजे पोहणें नव्हे. मुलाची मुंज व मुलीचें शिक्षण यांची चिंता आपण वेळेवर वाहतों. त्याच यादींत पोहण्याचें नांव घालावें, आणि घरांत मुलगा व मुलगी दोन्हीं असतील तर दोघांस एकाच दिवशीं पाण्यांत उतरवावें. कपडे सांभाळण्यास कांठावर आजोबा बसतील.