प्रभातसभेचे आमंत्रण

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, अंधार पुरता ओसरण्यापूर्वीच मैफलीस जाऊन बसणाऱ्या रसिकाला जो लाभ घडतो, तो केवळ उत्सवाचा नव्हे. आपल्या संगीतपरंपरेने प्रहरांशी जोडलेले राग त्यांच्या स्वाभाविक वेळी ऐकण्याचा तो दुर्मिळ योग असतो. ललित रागात पंचम वर्ज्य असल्याने तानपुऱ्याची पहिली तार पुष्कळदा मध्यमात मिळविलेली असते, आणि शुद्ध व तीव्र असे दोन्ही मध्यम लागोपाठ लागले, म्हणजे रात्र व दिवस यांचा संधिकाल कानांना प्रत्यक्ष जाणवतो. त्यानंतर कथकाची नर्तकी समेवर पाऊल टाकते. पायांतल्या शंभर-शंभर घुंगरांतून जणू एकच घुंगरू वाजावे इतका संयम ती पदन्यासात राखते, तेव्हा नृत्य हे पाहण्याइतकेच ऐकण्याचेही आहे, याची खात्री पटते.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या बैठकी पहाटेच्या भैरव-तोडीपर्यंत सहज पोहोचत. परंतु रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मज्जाव करणारे २००० सालचे नियम अमलात आल्यावर तो शिरस्ता खंडित झाला. आजाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या निद्रेचा मान राखणारा हा निर्बंध न्याय्यच आहे. म्हणूनच बंदिस्त सभागृहांत, दिवाळीखेरीज एरवीही, प्रभातसभांची तजवीज करणे हे संगीतसंस्थांचे कर्तव्य ठरते. आणि झोप मोडून तेथे हजर राहणे, हे आपणा श्रोत्यांचे.