गुळगुळीत बटणे : घासायचे काय, जपायचे काय?

खापरखेड्याचा एक तरुण परवा कोरडा खोकला घेऊन ओपीडीत आला. १३४० मेगावॅटच्या वीज केंद्राचे गाव, म्हणून माझा पहिला प्रश्न राखेचाच होता. पण राख रोजची आणि खोकला चार दिवसांचा. शेवटी तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दुकानातले जुने की-बोर्ड पॉलिश पेपरने घासत होतो. बटणं गुळगुळीत झाली की गिऱ्हाईक तक्रार करते." बंद खोली, टेबल फॅन सुरू आणि नाकातोंडावर साधा रुमालही नाही.

बटणांवरची चकाकी म्हणजे मळ नव्हे, ती झीज असते. स्वस्त की-बोर्डची बटणे बहुधा एबीएस प्लास्टिकची असतात. त्यांचा खरखरीतपणा साच्यातूनच येतो. रोजच्या बोटांनी त्यावरची सूक्ष्म टोके झिजतात. त्वचेचे तेल आणि धूळ मिळून पॉलिशच्या लेपासारखे काम करतात. राखेचे कण तर या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. पीबीटी नावाचे प्लास्टिक जास्त टिकते, पण महाग पडते.

मग घासून पोत परत येतो का? साबणाच्या पाण्याने मळ जातो, पोत येत नाही. पॉलिश पेपरने नुसते ओरखडे पडतात आणि तेही पुन्हा झिजतात. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळते. काही जण वाळूचा फवारा मारण्याचा विचार करतात, तो तर अजिबात नको. जीन्स जुनी दिसावी म्हणून तुर्कस्तानात कापडावर असाच फवारा मारत. त्यातून तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, काही दगावले आणि २००९ मध्ये तिथे त्या पद्धतीवर बंदी आली. सिलिकोसिसने खराब झालेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध आजही नाही.

तरीही झिजलेल्या बटणांचा प्रश्न किरकोळ नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. केसपेपर, तपासण्या, औषधे यांची नोंद हळूहळू संगणकावर येते आहे. पूर्वी डॉक्टरांच्या अक्षराला नावे ठेवत, आता चूक बटणाकडून होऊ शकते.

मी एका रुग्णालयात असताना ४२ किलोच्या रुग्णाचे वजन ७५ नोंदले गेले. आकड्यांच्या बटणांत ५ वर एक बारीक उंचवटा असतो. न पाहता हात योग्य जागी ठेवण्याची ती खूण. तिथे ती झिजली होती, आकडेही पुसले होते. हात एक ओळ वर सरकला, ४ चा ७ झाला आणि २ चा ५. वजनावर ठरणारे इंजेक्शन भरण्याआधी सिस्टरांनी रुग्णाकडे पाहिले आणि त्या थांबल्या, म्हणून निभावले.

म्हणजे सगळ्या बटणांचा खरखरीतपणा परत आणण्याची गरज नाही, खूण परत आणण्याची आहे. ५ वर, इंग्रजी एफ आणि जे वर, म्हणजेच मराठी इनस्क्रिप्टच्या 'ि' आणि 'र' वर, छोटा उंच ठिपका चिकटवा. अक्षरांचे स्टिकरही मिळतात. त्यानेही भागले नाही तर की-बोर्ड बदला. कार्यालयांनी हा खर्च चैनीचा मानू नये.

रुग्णालयात घासण्याचा मोह तर मुळीच नको. ओरखड्यांत मळ आणि जंतू लपतात, पुसून सहज निघत नाहीत. स्टॅफिलोकोकससारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर अनेक दिवस, कधी कधी महिनेही तग धरतात. बंद केलेला की-बोर्ड ७० टक्के अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने रोज पुसावा, थेट फवारू नये. आणि की-बोर्डवरून उठून रुग्णाला हात लावण्याआधी हात स्वच्छ करावेत. की-बोर्ड कितीही पुसला, तरी हे टळत नाही.

त्या तरुणाचा खोकला घासणे थांबवल्यावर आठवड्यात गेला. दुकानात आता तो ठिपके आणि स्टिकर विकतो. खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला असता, तर मी त्याला छातीचा एक्स-रे काढायला लावला असता. तुम्हीही अशी धूळ होणारी कामे करत असाल, तर डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगा. नाही तर सगळा दोष राखेवर जाईल आणि खरे कारण टेबलावरच राहील.