घरांतलें बोलणें : पुढचें शीड केवढें असावें?

मुकुंदवाडीच्या आमच्या घरीं पाण्याचा विषय निघाला म्हणजे तो नळाचा, किंवा फार तर पैठणच्या नाथसागराचा. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेनें तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. असें असतां गेल्या महिन्यांत रात्रीच्या पंगतीला शिडाच्या होडीवर एवढा खल झाला, कीं आमटी पानांतच निवली.

दादांचा मुलगा मुंबईस नोकरीला आहे. त्यानें तीन मित्रांसह एक जुनी होडी घेतली असून हिंवाळ्यांत तो ती बंदरांतल्या क्लबाच्या शर्यतींत उतरवितो व बहुधा शेवटून दुसरा येतो. त्यानें लिहिलें, "काका, पुढचें शीड १३५ टक्क्यांचें आहे, तें १५० चें करावें म्हणतों. समाईक पैशांतून माझ्या वांट्याची रक्कम मिळेल काय?" घरचा हिशेब मजकडे आहे, म्हणून पत्र मला. तेवढ्या रकमेंत माझ्या धाकट्या मुलीची वर्षाची फी भागली असती.

हे टक्के कसले, तें सांगितलें पाहिजे. पुढचें शीड ज्या तारेवर चढतें तिच्या बुडापासून डोलकाठीपर्यंतचें अंतर शंभर धरावयाचें. शिडाच्या मागच्या खालच्या कोंपऱ्यापासून त्याच्या पुढच्या कडेवर टाकलेला लंब या अंतराच्या दीडपट भरला, कीं तें १५० टक्क्यांचें. डोलकाठीच्याहि मागें पसरणाऱ्या अशा शिडास जेनोआ म्हणतात. स्वीडनच्या स्वेन सालेन यांनीं १९२६ च्या सुमारास इटलींतल्या जेनोआच्या शर्यतींत तें लावलें, त्यावरून हें नांव.

सर्व होड्या एकाच मापाच्या असल्या म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाहीं. १८४६ सालीं स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबांत सीबर्ड वर्गाच्या होड्या आहेत, तो प्रकार असा. पण लहानमोठ्या होड्या एकत्र धांवतात तेथें वेगवान होडीच्या वेळेंत भर घालून न्याय करितात, आणि मोठ्या शिडाला हा भार कित्येक ठिकाणीं सोसावा लागतो. समजा, मैलामागें तीन सेकंद वाढलीं. पांच मैलांच्या शर्यतींत पंधरा सेकंदांचें कर्ज डोक्यावर घेऊनच निघावयाचें! शिडाचें क्षेत्र वाढणार तें सुमारें एक नवमांश.

मीं उलट विचारलें, "तूं मागें पडतोस तें कोणत्या वाऱ्यांत?" त्यानें प्रामाणिकपणें कळविलें, कीं मंद वाऱ्यांत तो इतरांबरोबर असतो, दुपारीं वायव्येचा वारा चढला, कीं होडी कलते आणि तो मागें राहतो. मग मोठें शीड कशाला? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. मंद वारा व उलट्या भरतीचा ओघ गांठला असतां मोठें शीड तारून नेतें, हें मला मान्य आहे. परंतु चढत्या वाऱ्यांत तें अर्धवट गुंडाळावें लागतें, आणि गुंडाळलेल्या शिडाला झोळ पडतो. शिवाय नांगरलेल्या जहाजांमधून वाट काढतांना दर वळणावर तें डोलकाठीला वळसा घालून ओढून घ्यावें लागतें. दोरावर असते त्याची पत्नी. तिच्या हातांना अगोदरच फोड आलेले. तिचें मत कोणी विचारलें नव्हतें. सूनबाईंना फोन लावला, तेव्हां त्या म्हणाल्या, "काका, आहे तेंच मला जड होतें."

इतक्यांत आईनें विचारलें, "हल्लींचें शीड किती वर्षांचें?" कोणास ठाऊक नव्हतें, होडीबरोबरच आलेलें! खरें दुखणें तेथें होतें. कापड जुनें होऊन ताणलें, कीं शिडाचें पोट मागें सरकतें. मग वारा होडीला पुढें ढकलण्याऐवजीं आडवी करितो. दादा इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "पैसे द्या, पण मापानें वाढवूं नका."

१३५ टक्क्यांचेंच नवें शीड शिवावयास टाकलें आहे. जुनें पार्सलनें इकडे यावयाचें आहे. गच्चीवर कुरडयांच्या वाळवणाखालीं घालावयास आईनें तें मागून घेतलें.