बीपी वाढलंय, मग कळांची वाट कशाला?

गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईच्या कागदावर 'कळा आल्यावर या' असं लिहिणं बंद झालं पाहिजे. आणि असा कागद मिळाला, तर तो घेऊन तुम्ही मुकाट्याने घरी जाऊ नका.

या आजाराचं मूळ वारेत असतं. गोळ्यांनी बीपीचा आकडा उतरतो, वार सुधारत नाही. वार बाहेर पडल्याशिवाय आजार ओसरायला लागत नाही. तोवर झटके येणं, वार आधीच सुटणं, बाळ पोटातच दगावणं, हे सगळं डोक्यावर टांगलेलं असतं. 'बीपी तर कंट्रोलमध्ये आहे' हे वाट पाहण्याचं कारण होत नाही.

वीस आठवड्यांनंतर बीपी वाढलं असेल, तर 37 आठवडे पूर्ण होताच बाळंतपण करावं. 'औषधाने कळा आणल्या की सिझर होतंच' असं घरोघरी ऐकू येतं. 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात 36 आठवड्यांनंतर कळा सुरू केलेल्या बायकांना गुंतागुंत कमी झाली आणि सिझर वाढलं नाही.

त्याआधीचे आठवडे अवघड. बीपी 160/110 च्या वर जाऊन आटोक्यात येत नसेल, तर 34 आठवड्यांनंतर थांबू नये. आजार सौम्य असेल तर घाई केल्याने बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून थांबतात. पण लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या बायकांवर भारत आणि झांबियात झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 34 आठवड्यांनंतर ठरवून बाळंतपण केल्याने पोटात दगावणारी बाळं कमी झाली. थांबायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण थांबायचंच असेल तर कुठे?

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. जिवतीच्या डोंगरावरून रात्री गाडी मिळणं नशिबाची गोष्ट. त्यात जुलैत 'रोवणी आटपू दे, मग जाऊ' हे ठरलेलं. अशा गावात बसून कळांची वाट पाहणं म्हणजे जुगार आहे, आणि पैज लावतात घरचे, जीव जातो बाईचा. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळचं माहेरघर ही चांगली सोय आहे, पण बीपीवालीसाठी ती पुरत नाही. तिची वाट पाहण्याची जागा जिथे सिझर होतं, रक्त मिळतं तिथेच. तिथे राहण्या-जेवण्याची सोय मागा, ग्रामसभेत मागा. उपकार नव्हे तो.

एक अडचण मात्र आधीच सोडवावी लागते. पाळीची तारीख आठवत नसेल आणि पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली नसेल, तर 37 आठवडे हा नुसता अंदाज राहतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा, सोनोग्राफी करून घ्या. बीपी वाढलेलं निघालं, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून बाळंतपणाची तारीख आणि दवाखान्याचं नाव कागदावर लिहून घ्या.

डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात कळ, यातलं काहीही झालं तर त्या तारखेची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा, आणि वाटेतल्या आरोग्य केंद्रात झटके टाळणाऱ्या मॅग्नेशियमच्या इंजेक्शनबद्दल विचारा. बाळंतपण झाल्यावरही पहिले काही दिवस हीच लक्षणं तितकीच धोक्याची असतात.